अंगण मोजलंस का? : चार्ल्स कोरिया, बेलापूर आणि आपल्या बीडचं घरकुल



मागच्या उन्हाळ्यात धारूर तालुक्यातल्या एका गावात मी टेप घेऊन घरकुलं मोजत फिरत होतो. माझ्या पीएच.डी.चा विषयच तो आहे : सरकारी योजनेतून बांधलेलं घर लोक प्रत्यक्षात कसं वापरतात. एका घराची लांबी, रुंदी, दाराची दिशा, खिडकीचं माप असं सगळं उतरवून घेतलं आणि वही मिटली. समोर बाजेवर कुरडया वाळत घालणाऱ्या आजी माझ्याकडं बघत होत्या.

"झालं का लेकरा मोजून?"

"झालं आजी. दोनशे सत्तर फूट भरलं."

"आन् अंगण? अंगण मोजलंस का?"

मी म्हटलं, "आजी, फॉर्ममध्ये अंगणाचा रकानाच नाही."

"मग आमी ऱ्हातो कुठं, ते तुला कसं कळायचं?"

मला काही उत्तर देता आलं नाही. खरं तर त्या वेळी त्या घरात कुणीच नव्हतं. आजी अंगणात, सून मागच्या पत्र्याखाली चुलीपाशी, पोरं शेजारच्या ओट्यावर. पक्क्या खोलीत फक्त धान्याच्या कणग्या, पेटी आणि टीव्ही. म्हणजे मी जे मोजलं त्यात माणसं नव्हती, आणि माणसं जिथे होती ते मी मोजलं नव्हतं!

आजींनी विचारलेला हा प्रश्न एका मोठ्या आर्किटेक्टनं जवळजवळ पन्नास वर्षं विचारला होता. आजची पोस्ट त्याच्याबद्दल. नाव : चार्ल्स कोरिया. (माझ्या भावाला नाव सांगितलं तर म्हणे, उत्तर की दक्षिण?)

कोण हे कोरिया?

चार्ल्स कोरिया मूळचे गोव्याच्या घराण्यातले. जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. म्हणजे तसे आपल्या जुन्या मुलखाचेच म्हणायचे, कारण तेव्हा बीड जिल्हाही निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचं वेड होतं. रूळ कसे जोडायचे, सांधे कुठे बदलायचे, याचे आराखडे ते कागदावर काढत बसायचे. आर्किटेक्चरची गोडी तिथून लागली, असं ते पुढे सांगत.

शिक्षण मुंबईला सेंट झेवियर्समध्ये, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि त्यानंतर एमआयटीमध्ये. एमआयटीत मास्टर्ससाठी त्यांनी जाडजूड प्रबंध न लिहिता एक ॲनिमेशन फिल्म केली. विषय : आपली वस्ती तिथल्या लोकांनी स्वतः कशी सुधारावी. (हे मी माझ्या गाइडना सांगून पाहिलं. ते फक्त हसले.)

१९५८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं. सुरुवातीच्याच कामांपैकी एक म्हणजे अहमदाबादला साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय. ते १९६३ साली पूर्ण झालं. ही इमारत एकदा जरूर बघा. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौकोन, विटांचे खांब, वर कौलं, खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा. काही चौकोन झाकलेले, काही उघडे, मध्ये पाण्याचं कुंड. उद्या जागा कमी पडली तर आणखी चार चौकोन जोडा, इमारत बिघडत नाही. म्हणजे 'वाढू शकणारी इमारत' ही कल्पना त्यांच्याकडे अगदी पहिल्यापासून होती.

नळीसारखं घर आणि उन्हाळा

१९६० च्या सुमारास गुजरात गृहनिर्माण मंडळाने स्वस्त घरांसाठी एक स्पर्धा ठेवली होती. कोरियांनी त्यात जे घर सुचवलं त्याला 'ट्यूब हाउस' म्हणतात. अरुंद, लांबलचक, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. आता अशा घरात हवा कशी खेळणार?

त्यांनी छताला आतून उतार दिला. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते, हे आपण शाळेत शिकलोय. ती हवा उतरत्या छताच्या कडेने वर सरकते आणि अगदी उंचावर ठेवलेल्या फटीतून बाहेर पडते. ती गेली की तिची जागा घ्यायला खालून, दारापाशी, ताजी हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही. घराचा आकारच पंख्याचं काम करतो.

कोरियांना यातून एक सूत्र मिळालं. युरोपात घर म्हणजे थंडीपासून बचाव करणारी बंद पेटी. आपल्याकडे तसं नाही. आपण दिवसभर जागा बदलत राहतो. सकाळी ओसरीवर, दुपारी आतल्या काळोख्या खोलीत, संध्याकाळी अंगणात, रात्री माळवदावर. म्हणजे घराचा प्रत्येक भाग चोवीस तास उपयोगाचा नसतो, पण प्रत्येक वेळेला एक भाग उपयोगाचा असतो. या आभाळाखालच्या जागेला ते 'ओपन टू स्काय स्पेस' म्हणत. त्यांचं म्हणणं असं की, गरम हवेच्या देशात अशी जागा म्हणजे घराबाहेरचा मोकळा तुकडा नव्हे, ती घराचीच एक खोली आहे. फरक इतकाच की तिला स्लॅबचा खर्च येत नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या कुणालाही यात नवीन काय, असं वाटेल. बरोबर आहे. पण आपल्या आजोबांना माहीत असलेली गोष्ट आणि सरकारच्या आराखड्यात मोजली जाणारी गोष्ट, यात फार अंतर असतं. ते अंतर कमी करण्यात या माणसाचं आयुष्य गेलं.

खाडीपलीकडचं शहर

आता दुसरी बाजू, शहर नियोजनाची. १९६४ साली मुंबई महापालिकेने विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. मुंबई म्हणजे उत्तर-दक्षिण लांबलेली चिंचोळी पट्टी. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला आणि राहणारे उत्तरेला. सकाळी सगळी गर्दी खाली, संध्याकाळी सगळी वर. कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी म्हटलं, ही पट्टी आणखी ताणू नका. खाडी ओलांडून पूर्वेला जा, तिथे दुसरं शहर उभं करा. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकाच्या अंकात त्यांनी ही कल्पना सविस्तर मांडली.

सरकारने ती उचलून धरली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट झाले. १९७५ पर्यंत ते तिथे होते. आज आपल्या भागातली कितीतरी माणसं ज्या वाशी-तुर्भेच्या मार्केटमध्ये माल घेऊन जातात किंवा हमाली करतात, ते शहर या तिघांच्या कागदावरून सुरू झालं.

पण इथे थांबून नीट बघायला हवं, कारण कोरियांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट इथेच आहे.

योजनेचं अर्थकारण असं होतं : शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यायची, तिथे रस्ते, पाणी, वीज आणायची, मग जमिनीची किंमत वाढेल आणि त्या वाढीव पैशातून शहर उभं राहील. गरिबाला घर परवडावं म्हणून हे गणित मांडलं होतं. कागदावर ते चोख आहे. पण ज्याची जमीन गेली त्याला मिळाला शेतीचा भाव, आणि वाढलेली किंमत गेली दुसरीकडे. ठाणे आणि आताच्या रायगड जिल्ह्यातली ९५ गावं यात आली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं.

दुसरी अडचण अशी : शहर तिकडे न्यायचं तर सरकारी कचेऱ्या आधी तिकडे जायला हव्या होत्या. मंत्रालय काही हललं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून नवे टॉवर उभे राहत होते. मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू व्हायला १९९२ साल उजाडलं. नियोजनकार नकाशा काढू शकतो, पण सत्ता कुठे बसणार हे तो ठरवू शकत नाही. कोरिया पुढे लिहायचे-बोलायचे तेव्हा ही खंत त्यात असायची.

सात घरं, एक अंगण

सिडको सोडल्यावर आठेक वर्षांनी त्यांना त्याच नव्या मुंबईत एक लहान तुकडा मिळाला : बेलापूर, साडेपाच हेक्टरच्या आसपास जागा, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. १९८३ ते १९८६ या काळात ही वसाहत झाली. आज तिला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. माझ्या मते कोरियांचं सगळं म्हणणं समजून घ्यायचं तर ही एकच वसाहत पुरे. तिचे नियम अगदी साधे आहेत :

१. प्रत्येक कुटुंबाला जमिनीवरचा स्वतःचा प्लॉट. लहानात लहान ४५ चौरस मीटर, मोठ्यात मोठा ७५. गरीब आणि बऱ्या स्थितीतला यांच्यात फरक आहे, पण दुपटीचासुद्धा नाही.

२. दोन घरांत सामाईक भिंत नाही. का? कारण भिंत सामाईक असली की वरती खोली चढवायला शेजाऱ्याची परवानगी लागते. (सामाईक भिंतीवरून चाललेले कोर्टातले दावे आपण सगळ्यांनी पाहिलेत.) भिंत स्वतःची असली की पैसे आले तेव्हा, जमेल तेवढं वाढवा.

३. सात घरांच्या मध्ये आठ बाय आठ मीटरचं एक अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्या मध्ये बारा बाय बारा मीटरचं मोठं अंगण. पुन्हा असे तीन गट, त्यांचा आणखी मोठा चौक. सगळं मिळून पुढे ओढा आणि शाळा. आपल्या गावात कसं, घराचं अंगण, मग आळीचा ओटा, मग पार, मग वेस. अगदी तसंच.

४. घर असं की गावचा गवंडी बांधू शकेल. वीट, चुना, कौल. लिफ्ट नाही, उंच खांब नाहीत.

हे सगळं करूनही हेक्टरी साधारण पाचशे माणसं तिथे बसतात. जागा नाही म्हणून टॉवरच बांधावे लागतात, असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं. त्याला हे उत्तर आहे. आणि हे सांगणारा माणूस टॉवर बांधता येत नव्हते म्हणून सांगत नव्हता. मुंबईतली २८ मजली कांचनजंगा ही इमारत त्यांचीच. फक्त टॉवर श्रीमंताला परवडतो, हे त्यांना ठाऊक होतं. गरिबाला जमीन लागते, कारण शेळी तिसऱ्या मजल्यावर पाळता येत नाही.

हा विचार करणारे ते एकटे नव्हते. तिकडे ऑस्ट्रियात रोलंड रायनर (१९१० ते २००४) नावाचे आर्किटेक्ट होते. तेही १९५८ ते १९६३ अशी पाच वर्षं व्हिएन्ना शहराचे मुख्य नियोजनकार होते आणि तेही बाहेर पडले. मग लिंझ शहराजवळ पुखेनाउ इथे त्यांनी बुटक्या, एकमेकांना चिकटून असलेल्या, आपापलं बंदिस्त अंगण असलेल्या घरांची वसाहत उभी केली. हा माणूसही खेड्यातली जुनी घरं मोजत फिरायचा. थंड देशातला एक आणि उष्ण देशातला दुसरा, दोघंही सरकारी खुर्चीत पाच वर्षं बसून उठले आणि दोघंही अंगणापाशी येऊन थांबले. मला हे फार बोलकं वाटतं.

बेलापूरमध्ये सगळं छान झालं का? नाही. पुष्कळ मालकांनी मूळ घरं पाडून दोन-तीन मजली स्लॅबची घरं बांधली. काही अंगणांत आता गाड्या उभ्या असतात. घरं बदलतील हे कोरियांना अपेक्षितच होतं, ती बदलावीत म्हणूनच ती तशी आखली होती. पण जमिनीचा भाव चढला की मूळ गरीब मालक टिकतो का, हा प्रश्न घराच्या आराखड्याने सुटत नाही.

मग आपल्या घरकुलाचं काय?

आता परत धारूरच्या आजींकडे येऊ.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. सपाट प्रदेशात मदत १ लाख २० हजार, हप्त्याहप्त्याने. ज्याला जागाच नाही त्याला जागा खरेदीसाठी राज्य सरकारची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेचा हिशेब धरलाय.

५०० चौरस फूट म्हणजे किती? जवळपास साडेशेहेचाळीस चौरस मीटर. बेलापूरचा सगळ्यात लहान प्लॉट ४५ चौरस मीटर. म्हणजे जागा जवळजवळ तेवढीच आहे! हा हिशेब मी केला तेव्हा खुर्चीतून उठून दोनदा तपासला.

मग फरक कुठे पडतो? आखणीत. ५०० मधून २६९ गेले की २३१ चौरस फूट उरतात. आपण घर प्लॉटच्या बरोबर मधोमध बांधतो. मग ते २३१ फूट चारी बाजूंना पट्ट्यापट्ट्यांत वाटले जातात. पुढे चार फूट, मागे तीन फूट, बाजूला सायकलही जात नाही. घर एका कडेला सरकवलं तर तीच जागा एका ठिकाणी जमते आणि तिथे चूल, बाज, शेळी, पाण्याची टाकी सगळं बसतं.

आणि सात घरं एकत्र आखली तर? आठ बाय आठचं अंगण म्हणजे ६४ चौरस मीटर. सातांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात नऊ. म्हणजे नऊ मीटर द्यायचे आणि चौसष्ट वापरायचे. लग्नाचा मांडव, वाळवण, पोरांचा खेळ, उन्हाळ्यात बाजांची रांग, सगळं त्यात.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली कोयती कारखान्याला निघतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. सुटी सुटी घरं, प्रत्येकात एक म्हातारी, दाराला कडी. त्याऐवजी सात दारं एकाच अंगणात उघडत असतील, तर एका आजीला दिसतं की दुसरीने आज दार उघडलंच नाही. ही सोय कुठल्याही हप्त्यात येत नाही.

इथे एक सावधानता. 'जुनं ते सोनं' असं मी म्हणत नाहीये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माळवदाच्या जाड दगडमातीच्या भिंतींखालीच हजारो माणसं गेली. त्या भिंती परत नकोत. पुनर्वसनात मात्र कित्येक ठिकाणी रुंद सरळ रस्ते आणि दूर दूर घरं आली आणि आळी, ओटा, पार मागे राहिले. म्हणजे मजबूत भिंतीसोबत अंगण गेलंच पाहिजे, असं आपण उगीच धरून चाललो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजबुती लोखंड-सिमेंटनं येते, अंगण आखणीनं.

कोरिया १९८५ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्ष होते. त्या आयोगाचा अहवाल १९८८ साली आला. त्यात आग्रह होता तो असा की, फक्त मुंबई-दिल्लीकडे बघू नका, लहान आणि मध्यम शहरांत काम आणि सोयी उभ्या करा. माणसं कामामागे जातात. बीडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १६ जून २०१५ रोजी कोरिया मुंबईत वारले. पद्मविभूषण, ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल, सगळं त्यांना मिळालं. पण त्यांचा साधा मुद्दा, की घर म्हणजे छताखालचे चौरस फूट नव्हेत, अजून आपल्या फॉर्ममध्ये पोचलेला नाही.

माझ्या फॉर्ममध्ये मात्र तो पोचला. धारूरहून आल्यावर मी तीन नवे रकाने केले : 'अंगण : लांबी × रुंदी', 'दिवसातून किती वेळ, कोण वापरतं', आणि 'लाभार्थ्याने स्वतः काय वाढवलं'. तिसरा रकाना सगळ्यात लवकर भरतो. पत्र्याची पडवी, न्हाणी, शेळ्यांचा आडोसा, तुळशीचा कट्टा. ज्या घरात मी गेलो त्या प्रत्येक घराने काही ना काही वाढवलंय. कोरियांचं नावही न ऐकता लोक त्यांचं काम पुढे नेतायत. फक्त आधी आखून दिलं असतं, तर तेच काम कमी खर्चात आणि जास्त सावलीत झालं असतं.

तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या किंवा गावाकडच्या घराचं अंगण एकदा टेपने मोजा आणि तिथे दिवसभरात काय काय होतं, ते खाली कळवा. गावाचं नाव नाही दिलं तरी चालेल.

त्या आजींकडे दिवाळीआधी परत जाणार आहे, कोयती निघायच्या आत. या वेळी सुरुवात अंगणापासून.